सामूहिक वनहक्काचा पट्टा मिळाला, आता व्यवस्थापन समिती कशी बसवायची आणि फॉरेस्टवाल्यांबरोबर काम कसं करायचं

विदर्भातल्या जंगलपट्ट्यात कुठल्याही गावात विचारा, जंगलाच्या नावावर तीन-चार समित्या कागदावर असतातच. संयुक्त वन व्यवस्थापन समिती असते, ताडोबा किंवा मेळघाटच्या बफरमध्ये असाल तर ग्राम परिस्थितिकी विकास समिती असते, ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि वनहक्काचे दावे टाकायला केलेली वनहक्क समिती असते. मग एक दिवस सामूहिक वनहक्काचा, म्हणजे अख्ख्या गावाने मिळून जंगल वापरायच्या आणि सांभाळायच्या हक्काचा दावा मंजूर होतो, कलेक्टर ऑफिसात पट्टा, म्हणजे त्या हक्काचा कागद हातात देतात, फोटो निघतो, पेपरात बातमी येते आणि गावात परत आल्यावर लोक विचारतात की आता हे जंगल सांभाळायचं कोणी, फॉरेस्टने की आपण, आणि आपण म्हणजे नेमकं कोण. इथून पुढचं काम कसं करायचं तेवढंच मी लिहितोय. दावा कसा टाकायचा यावर भरपूर माहिती मिळते, पण पट्ट्यानंतर काय यावर फार कमी लोक बोलतात आणि माझ्या मते खरी गडबड तिथेच होते, कित्येक गावांचे पट्टे कपाटात पडून आहेत आणि जंगलात सगळं आधीसारखंच चालू आहे.

आधी समित्यांचा गुंता सोडवा

संयुक्त वन व्यवस्थापन, म्हणजे लोक ज्याला जेएफएम म्हणतात, ते आलं १९८८च्या राष्ट्रीय वनधोरणातून. त्यावर केंद्राचं १ जून १९९०चं परिपत्रक निघालं आणि महाराष्ट्रात १९९२चा जीआर. म्हणजे त्या समितीचा पाया शासन निर्णय आहे, समिती वनविभाग बनवतो, सचिव साधारणपणे वनपाल किंवा वनरक्षक असतो आणि कागदपत्रं त्याच्याकडे असतात. काही गावांत या समित्यांनी खरंच चांगलं काम केलंय, ते नाकारायचं कारण नाही. पण जंगलाबद्दलचा शेवटचा शब्द तिथे गावाचा नसतो.

जैवविविधता व्यवस्थापन समिती २००२च्या जैवविविधता कायद्याखाली ग्रामपंचायत पातळीवर असते आणि तिचं मुख्य काम लोक जैवविविधता नोंदवही. वनहक्क समिती दाव्यांची पडताळणी करायला आहे, १० ते १५ सदस्य, त्यात किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि किमान एक तृतीयांश महिला. वैयक्तिक दावे अजून लटकलेले असतील तर ती तशीच चालू ठेवा, बरखास्त करू नका.

आता पट्ट्यानंतर जी समिती लागते ती वेगळी. वनहक्क कायदा २००६च्या कलम ५मध्ये ग्रामसभेला जंगल, वन्यप्राणी, पाणी, जैवविविधता राखायचा अधिकार दिलाय आणि २००८च्या नियमांतल्या नियम ४(१)(ई) प्रमाणे ग्रामसभा आपल्याच सदस्यांमधून त्या कामासाठी समिती नेमते. २०१२ला नियमात दुरुस्ती झाली, त्यात या समितीने जंगलाचा संवर्धन-व्यवस्थापन आराखडा करायचा, वाहतूक परवान्यांचे आणि उत्पन्नाच्या वापराचे निर्णय घ्यायचे आणि त्या सगळ्याला ग्रामसभेने मंजुरी द्यायची हे स्पष्ट आलं. २०२३मध्ये केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने सामूहिक वनसंपत्तीच्या व्यवस्थापनासाठी मार्गदर्शक सूचना पण काढल्यात.

तुम्हाला हमखास सुचवलं जाईल की नवीन समिती कशाला, जुन्या जेएफएम समितीचंच नाव बदलू, काम तेच आहे. नका करू. काम तेच दिसलं तरी समिती कोण नेमतं, कोण बरखास्त करू शकतं आणि बँकेत सही कोणाची, या तीन गोष्टी वेगळ्या आहेत आणि पुढे बांबूचे पैसे आले की याच तीन गोष्टींवर गाडी अडते. पण जुन्या समितीशी भांडत बसायची पण गरज नाही. ग्रामसभेत तिला हिशोब मांडायला सांगा, खात्यात शिल्लक असेल तर तिचं काय करायचं तो ठराव घ्या, वनविभागाला कळवा, आणि त्या समितीत ज्यांनी मनापासून काम केलं त्यांना नव्या समितीत घ्या कारण अनुभव त्यांच्याकडेच आहे.

ग्रामसभा कोणती आणि कशी

ही ग्रामसभा म्हणजे ग्रामपंचायतीची १५ ऑगस्ट-२६ जानेवारीवाली ग्रामसभा नाही. गट ग्रामपंचायतीत चार गावं असतात, पण पट्टा तुमच्या गावाचा आहे तर ग्रामसभा तुमच्या गावाचीच, आणि पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा) क्षेत्रात तर टोला किंवा पाडाही स्वतंत्र गाव म्हणून येऊ शकतो. वनहक्काच्या ग्रामसभेला कोरम मोठा लागतो, गावातल्या ग्रामसभा सदस्यांपैकी किमान निम्मे हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. हे जमत नाही म्हणून लोक घरोघरी रजिस्टर फिरवून सह्या घेतात. तसं केलं तर पुढे कोणीही एक माणूस तक्रार करून अख्खा ठराव पाडू शकतो, आणि त्याहून वाईट म्हणजे गावाला वाटतच नाही की हा निर्णय आपला आहे. त्यापेक्षा वेळ नीट निवडा. रोवणीच्या दिवसांत किंवा तेंदूच्या हंगामात सभा लावू नका, संध्याकाळी जेवणं झाल्यावर लावा, बायकांना विचारून लावा, टोल्याटोल्यात आधी छोट्या बैठका घ्या म्हणजे मोठ्या सभेत विषय पहिल्यांदाच कानावर पडला असं होत नाही.

समितीत किती जण, हा आकडा नियमात दिलेला नाही, ते ग्रामसभेने ठरवायचं. माझं मत विचाराल तर अकराच्या आसपास ठेवा, त्याहून मोठी समिती जमतच नाही. महिला निम्म्या ठेवा, कारण मोह, चारोळी, सरपण, पानं हे बहुतेक त्याच गोळा करतात आणि कुठल्या भागातलं झाड यंदा फुललं नाही हे त्यांना आधी कळतं.

दुसरी गोष्ट जी गावं विसरतात, ती म्हणजे गावात जंगलाशी संबंध सगळ्यांचा सारखा नाही. गोवारी आहेत त्यांना चराई पाहिजे, बुरड आहेत त्यांना ओला बांबू पाहिजे, ढिवर आहेत त्यांचा तलावाशी संबंध आहे, ज्यांच्याकडे शेतीच नाही त्यांचं अख्खं वर्ष वनोपजावर, आणि ट्रॅक्टरवाला शेतकरी आहे त्याला कुंपणाला काट्या-खुंट पाहिजे. या सगळ्यांचा माणूस समितीत नसेल तर समिती पहिल्या वर्षी कागदावर छान दिसते, आणि दुसऱ्या वर्षी ज्यांना विचारलं नाही तेच लोक नियम मोडतात आणि मग आपण त्यांना चोर म्हणतो. पोलीस पाटील, सरपंच, कोतवाल यांना पदावरून आपोआप घेऊ नका. गावाला पाहिजे असतील तर गावाचे सदस्य म्हणून घ्या.

ठराव साधाच लिहा, पण पूर्ण लिहा. असं काहीतरी:

"आज दिनांक ___ रोजी मौजा ___ येथील ग्रामसभेत, एकूण सदस्य ___ पैकी हजर ___, त्यात महिला ___, असा कोरम पूर्ण असताना, वनहक्क कायदा २००६चे कलम ५ आणि नियम ४(१)(ई) अन्वये खालील सदस्यांची सामूहिक वनसंपत्ती व्यवस्थापन समिती ग्रामसभा नेमत आहे. समिती ग्रामसभेला जबाबदार राहील. मुदत ___ वर्षे. समितीचा कोणताही आर्थिक निर्णय, आराखडा व वाहतूक परवान्याबाबतचा निर्णय ग्रामसभेच्या मंजुरीशिवाय अंमलात येणार नाही. सदस्य परत बोलावण्याचा अधिकार ग्रामसभेस राहील."

याच्या प्रती आरएफओ (वनपरिक्षेत्र अधिकारी), उपवनसंरक्षक, तहसीलदार, उपविभागीय अधिकारी, आदिवासी विकासचे प्रकल्प अधिकारी आणि बीडीओ या सगळ्यांना द्या आणि प्रत्येकाकडून आवक शिक्का आणि नंबर घेऊनच परत या.

पट्टा नीट वाचा, मग जंगल पायी फिरा

पट्ट्यावर कंपार्टमेंट (वनविभागाने पाडलेले जंगलाचे भाग) नंबर आणि हेक्टर असतात. पहिलं काम म्हणजे ते गावाच्या पारंपरिक शिवेशी जुळतात का बघणं. बऱ्याचदा दाव्यात होते त्यातले काही कंपार्टमेंट गायब असतात, कधी एफडीसीएमकडे (राज्याच्या वनविकास महामंडळाकडे) दिलेला भाग वगळलेला असतो. कधी पट्ट्यावर एखादी अट टाकलेली असते, वनविभागाच्या वर्किंग प्लॅनप्रमाणेच (कामांच्या आराखड्याप्रमाणेच) व्यवस्थापन करावं वगैरे. ती अट कायद्याच्या कुठल्या कलमाखाली टाकली हे पट्टा मंजूर करणाऱ्या जिल्हास्तरीय समितीला ठराव करून लेखी विचारा. क्षेत्र कमी मिळालं असेल तर नियम १२बमध्ये जिल्हास्तरीय समितीवरच जबाबदारी टाकलीय की वननिवासी असलेल्या प्रत्येक गावाचा सामूहिक वनसंपत्तीचा हक्क मान्य झाला पाहिजे आणि नाही झाला तर कारण नोंदवलं पाहिजे, ते कारण मागा.

मग आरएफओ ऑफिसला अर्ज करून तुमच्या कंपार्टमेंटचा इतिहास, वर्किंग प्लॅनमधली त्या भागाची पानं आणि नकाशा मागा. सरळ मिळालं तर उत्तम, नाही तर माहिती अधिकारात मिळतं. हे कागद महत्त्वाचे आहेत कारण कुठल्या साली कुठे कूप (तोडीसाठी आखलेला भाग) पडलं, बांबू कधी फुलला, रोपवन कधी लावलं, हे त्यात असतं, आणि म्हातारी माणसं जे सांगतात त्याच्याशी ते ताडून बघता येतं.

जंगल फिरायला समितीसोबत गावातली जाणती माणसं, दोन-चार तरुण पोरं मोबाईलवर जीपीएस घेऊन, आणि हो, बीट गार्डला (त्या भागाच्या वनरक्षकाला) पण बोलवा. शेजारच्या गावाच्या दोन-चार लोकांना तर नक्कीच बोलवा. सीमेवरचा एखादा नाला, एखादी पहाडी दोन्ही गावं वर्षानुवर्षं वापरतात आणि पट्ट्यावरची रेघ त्यातून आरपार गेलेली असते. ती रेघ दाखवून शेजाऱ्याला हाकललं तर भांडण पुढच्या पिढीपर्यंत जाईल. त्यापेक्षा दोन ग्रामसभांचा मिळून ठराव करा की इकडचं सरपण-चराई त्यांना चालू राहील, वणवा लागला तर दोघं मिळून विझवू, आणि बांबू ज्याच्या हद्दीत त्याचा.

आराखडा ४०० पानांचा नको. संस्थेकडून किंवा कन्सल्टंटकडून जाडजूड बाइंड केलेला आराखडा येतो, गावातल्या कोणी तो उघडलेला नसतो. गावाला समजेल असा, मराठीत, नकाशासकट. त्यात लिहायचं काय, तर जंगलाचे भाग पाडा आणि प्रत्येक भागाला गाव काय नावाने ओळखतं तेच नाव द्या, कंपार्टमेंट नंबर कंसात. कुठे काय आहे, किती आहे, कशाची अवस्था वाईट आहे, पुढच्या दहा वर्षांत काय करायचं, कोण करणार, पैसा कुठून.

बांबूचं तर नीट लिहाच. दरवर्षी सगळीकडे तोड करायची नाही, भाग पाडून फेरा ठरवायचा म्हणजे एका बेटाला तीन-चार वर्षं विश्रांती मिळते, यंदाचे आणि गेल्या वर्षीचे बांबू बेटात ठेवायचे, फक्त जुने काढायचे, जमिनीलगत नीट कापायचे आणि पावसाळ्यात कोंब वर येत असताना त्या भागात पाय ठेवायचा नाही. वास्ते (बांबूचे कोवळे कोंब) खायला किती काढायचे आणि कुठून काढायचे हेही ठरवावं लागतं, नाहीतर पुढच्या हंगामाचा बांबू भाजीतच संपतो. तेंदूत सुद्धा असंच, छाटणीच्या नावाने झाडंच तोडणं आणि पानं चांगली फुटावी म्हणून आग लावणं, हे दोन्ही बंद करायचं असेल तर ठेकेदाराच्या करारनाम्यातच ते घाला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर झाडांची छाटणी आणि आगी नको म्हणून तेंदू तोडणंच बंद ठेवलं आणि बांबूवर भर दिला. प्रत्येक गावाला ते परवडेल असं नाही, तेंदूच्या पंधरा-वीस दिवसांत घरात जो पैसा येतो त्यावर बऱ्याच घरांचा पावसाळा निघतो, पण एखादं गाव असंही ठरवू शकतं हे माहिती असलेलं बरं. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरने उजाड झालेली जमीन परत उभी केली आणि सीताफळ थेट मुंबईपर्यंत विकलं.

थोडा भाग पूर्ण राखीव ठेवा, जिथे कोणीच काही काढणार नाही. बहुतेक गावांत असा भाग देवाच्या नावाने आधीच असतो, फक्त नकाशावर आणायचा बाकी असतो.

दोन आराखडे एकत्र कसे आणायचे

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितो. वनविभागाचा वर्किंग प्लॅन असतो, त्यात तुमचंच जंगल असतं आणि त्यात कूप, रोपवन, विरळणी सगळं वर्षावार ठरलेलं असतं. नियम ४(१)(फ) म्हणतो की गावाच्या समितीने आपला आराखडा करायचा आणि तो वनविभागाच्या मायक्रोप्लॅन, वर्किंग प्लॅन किंवा व्यवस्थापन आराखड्याशी जोडून घ्यायचा, आणि त्यात जे फेरफार करायचे ते समितीला आवश्यक वाटतील ते. हे शेवटचं वाक्य मीटिंगमध्ये मोठ्याने वाचून दाखवा. याचा अर्थ गावाने आराखडा करून मंजुरीसाठी आरएफओकडे पाठवायचा आणि वाट बघत बसायचं असा नाही. याचा अर्थ वनविभागाकडे दुर्लक्ष करायचं असाही नाही. दोघांनी एकाच नकाशावर बसायचं आणि जिथे जुळत नाही तिथे काय करायचं ते गावाच्या समितीने ठरवून ग्रामसभेत मंजूर करायचं.

प्रत्यक्षात करताना असं करा. पावसाळा संपता संपता, पुढच्या कुपांची आखणी सुरू व्हायच्या आधी, आरएफओला पत्र द्या की अमुक तारखेला गावात संयुक्त बैठक आहे. पत्रात विषय आधीच लिहा: यंदा आमच्या क्षेत्रात वनविभागाची कोणती कामं प्रस्तावित आहेत, कोणत्या कंपार्टमेंटमध्ये, कॅम्पाचं (जंगल दुसऱ्या कामाला दिल्याच्या भरपाईच्या पैशातलं) रोपवन असेल तर कुठे आणि कोणत्या झाडांचं, जाळरेषा (आग पसरू नये म्हणून साफ केलेली रांग) कुठे, मजुरी कोणत्या दराने. सोबत गावाचा आराखडा जोडा. बैठक गावातच घ्या, आरएफओच्या केबिनमध्ये नको, केबिनमध्ये गावातले दोनच लोक बोलतात आणि बाकीचे उभे राहतात. इतिवृत्त तिथल्या तिथे लिहा, वाचून दाखवा, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. साहेब सही नाही करत म्हणाले तर "सही करण्यास नकार दिला" एवढं लिहून तीच प्रत दुसऱ्या दिवशी आवक करून द्या.

रोपवनावरून सगळ्यात जास्त वाद होतात. गावाची चराईची जागा, मोहाची झाडं किंवा नैसर्गिक वाढलेलं मिश्र जंगल साफ करून सागवान लावायचा प्रस्ताव असेल तर ग्रामसभेने आपला पर्याय मांडायला पाहिजे. नुसतं "नको" म्हणून परत आलात तर पुढच्या वर्षी तोच प्रस्ताव येतो. "त्या जागी नको, या दोन पडीक कंपार्टमेंटमध्ये करा, झाडं मोह, चार (चारोळीचं झाड), आवळा, बेहडा, बांबू अशी लावा, काम गावाला द्या" असा ठराव हातात असला की बोलणं पुढे जातं. मला आजवर वनविभागात बरेच अधिकारी असे दिसलेत ज्यांना वरून टार्गेट असतं आणि जागा सापडत नसते, त्यांना गावाने जागा आणि झाडं सुचवली तर त्यांनाही हायसं वाटतं.

आग, गस्त आणि बीट गार्ड

महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. त्याच्या आधी, जानेवारीतच, जाळरेषा कोण काढणार, फायर वॉचर गावातला घेणार का, ब्लोअर कोणाकडे राहणार हे ठरवून घ्या. मोहाखालचा पालापाचोळा जाळायची जुनी सवय आहे, फुलं वेचायला सोपं जातं म्हणून, आणि तिथूनच बऱ्याच आगी पुढे जातात. त्यावर उपाय गावातच आहे, झाडाखाली झाडून घ्यायचं किंवा जाळी बांधायची. जाळ्यांसाठी पैसे मागायला खाली सांगितलेली जिल्ह्याची मीटिंग चांगली जागा आहे.

गस्तीचे दिवस वाटून घ्या, रजिस्टर ठेवा. पण एक गोष्ट सगळ्या समितीला समजावून सांगा, की कोणी लाकूड तोडताना सापडला तर गावाने आपल्या सदस्यांसाठी ठरवलेले नियम गाव लावू शकतं, पण वनगुन्ह्याचा पंचनामा, जप्ती, अटक हे वन अधिकाऱ्याचं काम आहे. बाहेरचा माणूस पकडून बांधून ठेवणं, गाडी अडवून चावी काढून घेणं हे करू नका. गाडी नंबर, फोटो, वेळ लिहून गार्डला आणि आरएफओला फोन करा आणि लगेच लेखी पण द्या. वन्यप्राण्याच्या बाबतीत तर हात लावायचाच नाही, फोन करायचा आणि गर्दी लांब ठेवायची.

बीट गार्ड हा या सगळ्या व्यवस्थेतला सगळ्यात एकटा माणूस असतो. बीट मोठं असतं, एकटाच फिरतो आणि वरचे साहेब आणि गाव दोन्हीकडून बोलणी खातो. ज्या गावांनी त्याला शत्रू न मानता गस्तीत सोबत घेतलं तिथे आग आणि चोरटी तोड या दोन्ही गोष्टी लवकर कळतात असं मी अनेक ठिकाणी बघितलंय.

वाहतूक परवाना (टीपी) आणि पैसा

मेंढा-लेखाची गोष्ट बहुतेकांना माहिती आहे, गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं गाव, २००९मध्ये साधारण १८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला, पण बांबू बाहेर न्यायला वाहतूक परवाना मिळेना. शेवटी एप्रिल २०११मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. आज नियमातच आहे की गौण वनोपजाचा (इमारती लाकूड सोडून जंगलातल्या इतर मालाचा) वाहतूक परवाना ग्रामसभेने नेमलेली समिती देते आणि परवान्याच्या पद्धतीमुळे वनोपज गोळा करायच्या, विकायच्या हक्काला अडथळा येता कामा नये. बांबू आणि तेंदू दोन्ही कायद्याने गौण वनोपजात येतात.

पुस्तक स्वतः छापून घ्या, तीन प्रतींचं, नंबर घातलेलं. त्यात गावाचं नाव, पट्ट्याचा नंबर, कंपार्टमेंट, माल, नग किंवा वजन, गाडी नंबर, कुठून कुठे, तारीख, किती वेळ चालेल आणि गोल शिक्का एवढं पाहिजे. ज्या दोघांच्या सह्या चालणार त्यांच्या नमुना सह्या आणि कोऱ्या परवान्याची झेरॉक्स आरएफओ, उपवनसंरक्षक आणि वाटेतल्या वननाक्यांना आधीच देऊन ठेवा. हे केलं नाही म्हणून रात्री नाक्यावर ट्रक अडतो आणि व्यापारी पुढच्या वेळी भाव पाडतो.

खातं ग्रामसभेच्या नावाने, सह्या दोघा-तिघांच्या, त्यात एक तरी बाई. पॅन काढा. तेंदूपत्ता, बांबूच्या विक्रीवर टॅक्सचे प्रश्न येतात, तर तालुक्यातल्या दहा-बारा ग्रामसभा मिळून एक सीए ठरवा. गडचिरोलीत कोरचीसारख्या तालुक्यात ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा केली, तशी एकी असली तर तेंदूच्या लिलावात ठेकेदाराशी बोलतानाही जोर येतो. मजुरी वेगळी, रॉयल्टी वेगळी, दोन्ही करारात लिहून घ्या, आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय फळी (तेंदूपानं मोजून घ्यायची जागा) सुरू करू देऊ नका. हिशोब भिंतीवर लावा, दर महिन्याला, मोठ्या अक्षरात.

जिल्ह्याची मीटिंग

आराखडा झाला की पैसा लागतो आणि तो एका खात्याकडे नसतो. त्यासाठी महाराष्ट्रात कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली कन्व्हर्जन्स समिती असते, जिथे आदिवासी विकास, वन, जिल्हा परिषद, कृषी, रोहयो (रोजगार हमी) सगळ्यांनी एकत्र बसून सामूहिक वनहक्काच्या गावांचे आराखडे बघायचे असतात. नियम १६ पण सांगतो की हक्क मिळालेल्या लोकांपर्यंत सरकारी योजना पोचवणं शासनाचं काम आहे. तिथे ४० पानांचा आराखडा घेऊन गेलात तर कोणी वाचणार नाही, एका पानावर तक्ता करा: काम, जागा, अंदाजे खर्च, कुठल्या खात्याकडून, कुठल्या योजनेतून. वनतळी, गॅबियन (जाळीत दगड भरलेले बांध), रोपवाटिका, चर ही कामं रोहयोत बसतात आणि सामूहिक वनहक्क मिळालेली ग्रामसभा स्वतः कार्यान्वयन यंत्रणा होऊ शकते, म्हणजे मस्टर (मजुरांचा हजेरीपट) गावाच्या हातात. मीटिंगला जाणारे दोघं ठरलेले असू द्या, प्रत्येक वेळी नवीन माणूस पाठवला की मागचं कोणाला आठवत नाही. परत आल्यावर ग्रामसभेत काय झालं ते सांगायचं, आणि दोन आठवड्यांत इतिवृत्ताची प्रत मागायची.

अडलंच तर

पहिलं पाऊल पत्र, दुसरं स्मरणपत्र, तिसरं जिल्हास्तरीय समितीकडे ग्रामसभेचा ठराव. एवढ्यावरही एखादा अधिकारी कायद्याविरुद्ध वागत राहिला, जबरदस्तीने तोड सुरू केली किंवा परवाना मानतच नाही, तर कायद्याचं कलम ७ आणि ८ आहे. ग्रामसभा ठराव करून राज्यस्तरीय संनियंत्रण समितीला किमान ६० दिवसांची नोटीस देते आणि त्या समितीने काही केलं नाही तर कोर्टात जायचा रस्ता मोकळा होतो. दंडाची रक्कम फक्त १००० रुपयांपर्यंत आहे, पण नोटीस गेली की फाईल हलते. ही नोटीस वापरायची वेळ आली तर ती ज्या कागदांवर उभी राहते ते म्हणजे वर सांगितलेले आवक नंबर, इतिवृत्तं आणि ठराव, म्हणून ते पहिल्या दिवसापासून एका फाईलला लावा आणि फाईलची दुसरी प्रत दुसऱ्या घरात ठेवा.

समिती बदलायची वेळ येईल तेव्हा नुसतं नवीन नावं वाचून सभा संपवू नका. त्याच सभेत जुन्यांनी नव्यांना रजिस्टरं, पासबुक, शिक्का, वापरलेली आणि कोरी टीपी बुकं नंबरनिशी, नकाशे, जीपीएसचा डेटा आणि चालू पत्रव्यवहाराची यादी सगळ्यांसमोर मोजून द्यायची, त्या यादीवर दोन्हीकडच्या सह्या घ्यायच्या, आणि नव्या नमुना सह्या त्याच आठवड्यात बँक, आरएफओ आणि नाक्यांवर पोचवायच्या.